स्पॅम, अंडी आणि भात : ‘सैनिकांची देणगी’ नावाची दंतकथा

१/१०
वाडग्यात गरम चिकट भात, त्यावर सोया सॉस व साखरेत परतलेले डबाबंद मांसाचे काप आणि अंडे. हवाई बेटांची ही न्याहारी प्रसिद्ध आहे. तिचा इतिहास मात्र एका वाक्यात उरकला जातो : ‘अमेरिकी सैनिकांनी स्पॅम आणले, बेटवासीयांना ते आवडले.’ या सोयीच्या वाक्याची ही उलटतपासणी. #थ्रेड #इतिहास

२/१०
त्यात खरे किती, ते आधी पाहू. हॉर्मेल कंपनीने स्पॅम १९३७ साली बाजारात आणले. डुकराचे मांस, मीठ, पाणी, साखर व सोडियम नायट्राइट डब्यात बंद केलेले. टिकवायला बर्फ नको. दुसऱ्या महायुद्धात हा डबा सैन्याबरोबर पॅसिफिकभर पोहोचला. एवढे निर्विवाद.

३/१०
पण वाडग्यातला भात सैन्याने आणला नाही. उसाच्या मळ्यांसाठी चीन, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स येथून मजूर आणले गेले. जपानी मजूर १८८५ पासून मोठ्या संख्येने आले. भात आणि गोड-खारट सोया सॉसची चव ही या लोकांची शिदोरी. आणि साखर? तिच्यासाठीच तर त्यांना आणले होते!

४/१०
मजुराच्या जेवणाच्या दुमजली पत्र्याच्या डब्याला ‘काऊकाऊ टिन’ म्हणत. एका कप्प्यात भात, दुसऱ्यात तोंडीलावणे. भाताबरोबर काहीतरी खारट खाण्याची ही रीत स्पॅमच्या जन्माहून जुनी आहे. स्पॅमला तयार घर मिळाले. ते घर त्याने बांधले नाही.

५/१०
आता ‘आवडले’ या शब्दाकडे वळू. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा लागू झाला; तो ऑक्टोबर १९४४ पर्यंत टिकला. बेटांवरील एक तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते आणि व्यापारी मासेमारी प्रामुख्याने त्यांच्याच हाती होती.

६/१०
संशयापोटी त्यांच्या नौका जप्त झाल्या, मासेमारीवर निर्बंध आले. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटांवर ताजी मासळी दुर्मिळ झाली आणि ती पोकळी डब्याने भरली. समुद्राची वाट अडवून हाती डबा द्यायचा आणि पुढे त्याला ‘आवड’ म्हणायचे, हा इतिहास नव्हे. ही सारवासारव आहे.

७/१०
‘गरिबांचे निकृष्ट अन्न’ ही हेटाळणीही तितकीच उथळ आहे. काप कोरड्या तव्यावर टाकले की त्यांचीच चरबी सुटते. कडा तांबूस झाल्या की सोया सॉस व चिमूटभर साखर घालायची. क्षणात चकाकी धरते. भात बिनमिठाचा असल्याने खारटपणा तोलला जातो आणि अर्धकच्चा बलक सारे सांधतो. दहा मिनिटांचे काम. पण त्यामागे पिढ्यांची जाण आहे.

८/१०
कोरियाचे उदाहरण घ्या. युद्धानंतर अमेरिकी तळांच्या आसपास तेच डबाबंद मांस किमची आणि तिखटाबरोबर शिजले आणि ‘बुदे-जिगे’ हा रस्सा झाला. फिलिपिन्समध्ये ते लसणाच्या भाताशेजारी बसले. डबा एकच, पदार्थ तीन. फरक डब्याने केला की रांधणाऱ्या हातांनी?

९/१०
‘सैन्य नसते तर डबाच नसता’, हा आक्षेप खरा आहे. पण बटाटा पोर्तुगिजांमुळे आला म्हणून बटाटावड्याला कोणी पोर्तुगीज देणगी म्हणत नाही. उलट, या वाडग्याचा नुसता गौरवही अपुरा ठरतो. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवले गेले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. मूळ हवाईवासीयांचे अन्न होते ‘कालो’, म्हणजे अळूचा कंद. त्याच्या कित्येक खाचरांत पुढे भात पिकला. मजुरांचे श्रेय मान्य करताना हे विस्थापनही विसरता कामा नये.

१०/१०
आज हवाईतील मॅकडोनाल्ड्समध्येही स्पॅम, अंडी आणि भात मिळतो. विजेत्यांच्या कथेत डबा आणणाऱ्याचे नाव राहते. चूल पेटवणारा आणि नौका गमावलेला कोळी दोघेही गळतात. कोणत्याही पदार्थाचा इतिहास वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत : हे कोणी आणले, आणि ते येण्यापूर्वी ताटातून काय हिरावले गेले? दुसऱ्या प्रश्नाला बगल देणारे उत्तर म्हणजे निव्वळ जाहिरात.