'भोग' : एका सामाईक शब्दाची फसगत

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात तत्सम शब्दांविषयी एक प्रकारची निश्चिंती दृष्टीस पडते. मराठीतला शब्द तमिळमध्येही सापडला की अनुवादकाचे निम्मे काम झाले, असे गृहीत धरले जाते. 'भोग' ह्या शब्दाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. आणि हा शब्द काही कोशाच्या कोपऱ्यातला नव्हे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) त्याच्याभोवतीच उभी आहे. तिला 1960 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि खांडेकर 1974च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांच्या कादंबऱ्यांना का. श्री. श्री. यांच्या अनुवादांनी तमिळनाडूत एवढा मोठा वाचकवर्ग मिळवून दिला की तेथील कित्येकांना ते आपल्यातलेच लेखक वाटत. तेव्हा हा शब्द चेन्नईत कोणत्या अर्थाने पोचतो, हा प्रश्न निव्वळ शब्दच्छल नाही.

विषयसुखाचा अतिरेक हा अर्थ मराठीत आहेच. भोगविलास, भोगलोलुप, भोगासक्ती हे शब्द सर्वांच्या परिचयाचे; पण ते मुख्यतः ग्रंथांतले. घरातली म्हातारी 'माझे भोग!' म्हणून कपाळाला हात लावते, तेव्हा तिच्या मनात सुखाचा लवलेशही नसतो. मराठी माणूस सुख भोगतो, तसेच दुःख, शिक्षा आणि तुरुंगवासही भोगतो. पूर्वी तो वतन भोगत असे; आज नवी इमारत राहावयास योग्य ठरली की महानगरपालिका तिला भोगवटा प्रमाणपत्र देते. हा अर्थविस्तार मराठीने शून्यातून निर्माण केलेला नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत जन्म, आयुष्य आणि भोग हे कर्माचे विपाक म्हणून सांगितले आहेत, आणि त्या भोगात सुखदुःखे दोन्ही येतात. मराठीच्या बोलीने दुःखाचे पारडे जड केले, एवढेच. पुत्राचे तारुण्य मागून घेणारा राजा 'भोगतो' असे वाचताना मराठी वाचकाला त्याच क्रियापदात त्याची शिक्षाही ऐकू येते. ती कादंबरीकाराला निराळी सांगावी लागत नाही.

तमिळमध्ये हाच शब्द 'बोगम्' असा उच्चारला जातो. ऐषाराम आणि कामसुख हे त्याचे अर्थ ओळखीचे वाटतात. परंतु शेतकऱ्याच्या तोंडी बोगम् म्हणजे पीक. वर्षाला तीन पिके देणारी जमीन ती 'मुप्पोगम्' जमीन. उपभोगापासून उत्पन्नापर्यंतचा हा प्रवास मोठा रम्य आहे, पण त्यात म्हातारीचे भोग कोठेच नाहीत. शैवसिद्धांताची परिभाषा वगळली, तर रूढ तमिळमध्ये बोगम् हा सुखाच्या आणि समृद्धीच्याच बाजूला उभा राहतो. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगीदेखील अशीच. नाव एकच, पण महाराष्ट्रात तो तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा आणि मिसळीच्या भाजीचा दिवस, तर चेन्नईत जुन्यापान्या वस्तू जाळण्याचा.

मग मराठी 'भोगणे' तमिळमध्ये नाहीच काय? आहे, मात्र ते दुसऱ्याच तत्सम शब्दात. 'अनुबवि' हे तमिळ क्रियापद सुखालाही चालते आणि कारावासालाही. खरेदीखतातील 'अनुबवम्' म्हणजे जमिनीचा कबजा व वहिवाट, अर्थात आपला भोगवटाच. मराठीतला 'अनुभव' ह्या मानाने अगदी तटस्थ, काहीसा पंतोजी वळणाचा. के. बालचंदर यांच्या 1967च्या चित्रपटाचे 'अनुबवि राजा अनुबवि' हे नाव मराठीत 'भोग राजा, भोग' असे केले, तर तो आशीर्वाद की शाप, हे सांगणे कठीण होईल.

ह्यावर असा आक्षेप येईल की सामाईक शब्द ठेवल्याने पौराणिक वातावरण टिकते, आणि 'अनुबवि' हे पडले बाजारातले क्रियापद. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. नाम म्हणून 'बोगम्' ठेवण्यास हरकत नसावी. इंग्रजीच्या मध्यस्थीने येणाऱ्या 'इंडल्जन्स'पेक्षा तो केव्हाही बरा, कारण त्या शब्दात चर्चने दिलेल्या पापदंडमाफीचा इतिहास दडलेला आहे. पण क्रियापदाच्या जागी 'अनुबवि'च हवे. तेथे 'बोगम्'चा आग्रह धरल्यास ययाति केवळ चैनी राजा उरतो, आणि कादंबरीतला दंड एखाद्या कीर्तनकाराने शेवटी जोडल्यासारखा वाटू लागतो.

भाषाविभागांतून सामाईक शब्दांच्या याद्या तयार होतात, त्यांत नामेच नामे असतात. मद्रास विद्यापीठाने 1924 ते 1936 ह्या काळात तमिळचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. तो आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शेजारीशेजारी ठेवून भोगणे, सोसणे, अनुभवणे ही क्रियापदे कोणकोणती कर्मे घेतात, एवढेच टिपून काढावे. एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असे हे काम आहे.