पेशी तिच्या, सही कोणाची?

गेल्या महिन्यात रुग्णालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत एक तरुण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. आईचा स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. "मॅडम, आता रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सर बरा करतात म्हणे. जमीन विकतो, पण आईला ते द्या." आई शेजारच्या बाकावरच बसली होती. जमिनीबद्दल नाही की पेशींबद्दल नाही, तिला कोणी काही विचारले नव्हते. मीसुद्धा नाही, हे कबूल करते.

बातमी खोटी नव्हती. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. मग त्या ठरावीक खूण असलेल्या पेशी हुडकून मारतात. परदेशापेक्षा हा उपचार इथे पुष्कळ स्वस्त आहे, तरी खर्च कित्येक लाखांत जातो.

पण तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे. तिथली खूण निरोगी बी-पेशींवरही असते आणि त्याही मरतात. बी-पेशींवाचून माणूस औषधांच्या आधाराने जगतो, फुप्फुसावाचून नाही. हे मी उगाच लिहीत नाही. अमेरिकेत ३९ वर्षांच्या एका बाईला आतड्याचा कॅन्सर पसरल्यावर 'हर-टू' या खुणेवर नेमलेल्या पेशी दिल्या. फुप्फुसातल्या निरोगी पेशींवर ही खूण अगदी थोडी असते. बदललेल्या पेशींनी तीच ओळखली असावी, असे संशोधकांनी २०१० मध्ये लिहिले. बाई पाचव्या दिवशी गेली. 'हर-टू' हा शब्द आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या तपासणीच्या कागदावर असतो.

गाठीच्या कॅन्सरची अडचण एवढीच नाही. टी-पेशींना गाठीत शिरता येत नाही, शिरल्या तर तिथे त्या मंदावतात, आणि गाठीतल्या सगळ्याच पेशींवर ती खूण असते असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत अशा कॅन्सरवरच्या पहिल्या बदललेल्या टी-पेशींना मान्यता मिळाली, तीही सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मिळ प्रकारासाठी आणि ठरावीक ऊतक-प्रकाराच्या रुग्णांनाच.

"गावात गर्भाशयमुखाची साधी तपासणी होत नाही, आणि तू हे काय घेऊन बसलीस?" असे संघटनेतल्या मैत्रिणी म्हणतील. त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही भारतातल्या बायकांना सर्वाधिक होणारे दोन कॅन्सर, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, हे दोन्ही गाठीचेच. त्यांच्यासाठी चाचण्या होणार, तेव्हा बायकाच लागणार. १९८५ साली पटनचेरूच्या आरोग्यकेंद्रात नेट-एनच्या सुईसाठी आणलेल्या बायकांना हा प्रयोग आहे हे धड सांगितलेलेही नव्हते. आपण त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. तेव्हा बायका धडधाकट होत्या, सुई नाकारून घरी जाऊ शकत होत्या. इथे बाई मरणाच्या दारात असेल आणि नवरा किंवा मुलगा म्हणेल, "कर सही." अशी संमती मी संमती मानत नाही. मग तिला मिळू शकणारी आशाच नाकारायची का? नाही. तिला एकटीला, तिच्या भाषेत, हे कोणी सांगायचे ते आधी ठरवा, एवढेच मी म्हणते.

आणखी एक. या उपचारात जोराचा ताप येतो, रक्तदाब उतरतो, कधी अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. पुढचे काही आठवडे रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते, सोबत माणूस लागते. नवरा आजारी असला की बायको धर्मशाळेत महिनाभर राहते, हे मी रोज पाहते. बायको आजारी असेल तेव्हा कोण राहणार? संमतीपत्रात याला रकाना नाही.

मावशींचा पुढचा केमो सोमवारी आहे. मुलाला मी बाहेर बसायला सांगणार आहे.