पुणेकरांच्या ताटात काय कमी पडते?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता: 22.3. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे 9.1 टक्के निघाले आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळच.

भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे जगाला पुण्याने पटवून दिले. तरीही इथल्या घराघरांत तब्येतीचा हिशेब वजनकाट्यावरच होतो. वजन वाढलेले नाही ना, मग तपासणी कशाला, असे म्हणत चाळिशी गाठली जाते आणि एखाद्या विमा पॉलिसीच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत साखर वाढलेली सापडते. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

या गोष्टीची मुळे फार मागे जातात. केईएमच्या संशोधकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली; इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची होती. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण खांद्याच्या हाडाखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हडकुळी दिसणारी ही बाळे चरबीचा साठा घेऊनच जन्माला आली होती.

आयांनी काय खाल्ले होते, याचीही नोंद झाली. एकूण उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला नाही. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे मात्र मोठी होती. पोट भरले आणि पोषण झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी दाखवले असेल.

आता शहरातल्या नोकरदार घराचा एक दिवस पाहा. सकाळी चहासोबत खारी, नाश्त्याला पोहे किंवा उपमा. डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत बिस्किटे नाहीतर वडापाव. रात्री वरणभात, आणि वरण इतके पातळ की डाळ वाटीच्या तळाला बसते. उपवास असला तर साबुदाण्याची खिचडी. बरेचसे घरचे अन्न असल्याने मनाला समाधान असते. पण पोहे, रवा, पोळी, बटाटा, पाव, भात, साबुदाणा हे सगळे एकाच पंगतीतले पिष्टमय पदार्थ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिवसाच्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्याकडे तो 50 ते 70 टक्के असतो.

दुसरी उणीव ब-12 जीवनसत्त्वाची. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या केईएमच्या पाहणीत पुणे परिसरातले 441 मध्यमवयीन पुरुष तपासले गेले. त्यांतल्या 67 टक्के जणांत ब-12 कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. खाऊन-पिऊन सुखी मानला जाणारा वर्गच सर्वांत मागे! हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. धान्य-भाज्यांतून मिळत नाही. ते कमी पडले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते. शाकाहारी मंडळींनी आणि मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे, कारण या औषधानेही ब-12 घटू शकते.

उपाय आवाक्यातला आहे. मंडईत मेथी, चाकवत, चुका, राजगिरा, शेपू यांच्या जुड्या मिळतात. मटकी, मूग, हुलगे घरोघरी भिजवता येतात. डब्यात पोळ्या दोन आणि भाजी दुप्पट असावी. पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग पडावेत, वरण दाट व्हावे, जेवणात दही असावे. ज्यांना चालते त्यांनी अंडे खावे. काट्याबरोबर शिंप्याची टेपही हाताशी ठेवावी: पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची 80 च्या आत हवी. पर्वती आणि तळजाईवरची सकाळची गर्दी कौतुकाचीच आहे; चढण चढणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात.

पण हा बदल घरातल्या बाईच्या आणि मुलीच्या ताटापासून सुरू व्हायला हवा. अजूनही अनेक घरांत ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा उसळीच्या पातेल्यात रस्सा तेवढा उरलेला असतो. केईएमच्या त्या गावांत जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, 2012 पासून, संशोधकांनी त्यांना दररोज ब-12 ची लहानशी मात्रा देऊन पाहायला सुरुवात केली. पुढच्या पिढीचे आरोग्य तिच्या जन्माआधीच घडवायचे, हा त्यामागचा विचार.

सरकारी आरोग्य यंत्रणा मधुमेहाची सरसकट तपासणी तिशीनंतर करते. तोवर अनेक जणी आई झालेल्या असतात. म्हणून महापालिकेने आठवी-नववीच्या मुलींपासून कंबरेचे माप, हिमोग्लोबिन आणि ब-12 यांची तपासणी सुरू करावी. शिकायला पुण्यात आलेल्या हजारो मुली मेसवर जेवतात. कितीतरी मेसमध्ये दह्याची वाटी किंवा उकडलेले अंडे वेगळे पैसे मोजून घ्यावे लागते, आणि महिनाअखेरीला ती वाटीच आधी बंद होते. दही, उसळ आणि पालेभाजी मेसच्या मासिक दरातच धरण्याची अट वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांनी पुढच्या कंत्राटातच घालावी.