मोटारींतील ऊब कां हरपते?

ज्यांचीं मुलें-सुना शिक्षणाकरितां किंवा नोकरीकरितां कॅनडा-अमेरिकेसारख्या शीत देशांत राहतात, अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्यें अटल बोगदा खुला झाल्यापासून ऐन हिंवाळ्यांत मनालीहून लाहौलच्या खोऱ्यांत मोटारीनें जाणारी आपलीकडील मंडळीही दिसूं लागली आहेत. अशा थंडींत मोटारींतील हीटर गार वारा फेंकूं लागला तर काय करावें, असें एका वाचकभगिनीनें विचारलें आहे. प्रश्न क्षुल्लक नाहीं. कांचेवर बाष्प जमलें म्हणजे पुढचा रस्ता दिसेनासा होतो, आणि मागील आसनावर तान्हें मूल असेल तर थंडी ही केवळ गैरसोय राहत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पेट्रोल किंवा डिझेलच्या साध्या मोटारींत ऊब देणारी स्वतंत्र शेगडी बहुधा नसतेच. एंजिन निवविण्याकरितां त्याच्या अंगांतून एक द्रव खेळविलेला असतो. कारागीर त्याला कूलंट म्हणतात. तापलेला हा द्रव एका नळीनें चालकासमोरील फळीमागच्या लहानशा जाळीदार पेटींत येतो व दुसऱ्या नळीनें परत जातो. पंखा त्या पेटीवरून वारा घालतो, आणि तोच ऊन होऊन आपणांस मिळतो. चुलीवर स्वयंपाक चालूं असतां वैलावर आयतेंच पाणी तापावें, तसला हा प्रकार.

तेव्हां ऊब मिळण्यास चार गोष्टी जुळाव्या लागतात: द्रव पुरेसा असावा, तो तापावा, तो पेटींतून वाहावा, आणि वारा त्या पेटीवरून जावा. यांपैकीं एक चुकली कीं वारा गार. नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत येथें नेमकी उपयोगी पडते. निदानाआधीं चिकित्सा करूं नये, हा वैद्यांचा नियम मोटारीसही लागू आहे. तो न पाळणारा मनुष्य एकामागून एक भाग बदलीत राहतो आणि पैसा मात्र गमावतो.

थंड एंजिन सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटें वारा गार येणें हा दोष नव्हे. तितका वेळ गेल्यावर उष्णतादर्शक कांटा पाहावा. थर्मोस्टॅट नांवाची एक झडप, द्रव साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सियस तापेपर्यंत, मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेविते. ती उघडीच अडकून राहिली तर कांटा नेहमींच्या जागीं चढत नाहीं, व भरधाव जातांना अधिकच उतरतो. अशा वेळीं ती झडप बदलावी.

कांटा ठीक असेल तर द्रवाची पातळी पाहावी. एंजिन पूर्ण थंड असतां पारदर्शक टांकीवरील दोन खुणांच्या मध्यें द्रव दिसला पाहिजे. गाडी उभी असतां वारा गार आणि चालूं लागली कीं ऊन, असें होत असेल तर द्रव कमी असल्याचा किंवा नळ्यांत हवा कोंडल्याचा संशय घ्यावा. द्रव भरून भागत नाहीं. तो कमी झाला म्हणजे कोठें तरी गळती आहेच, ती शोधावी. पायाखालील गालिचा ओला, कांचेवर चिकट थर आणि गाडींत गोडसर वास, हीं चिन्हें ती जाळीची पेटीच गळत असल्याचीं समजावीं.

यानंतर त्या दोन नळ्या तपासाव्या. एंजिन तापवून बंद करावें व हाताची मागील बाजू जपून जवळ न्यावी. दोन्ही नळ्या ऊन असतील तर द्रव वाहत आहे. मग दोष वारा वळविणाऱ्या आंतील पडद्याचा. नव्या गाड्यांत तो लहानशा विद्युत्-यंत्रानें हलतो, व तें बिघडलें म्हणजे बहुधा टकटक आवाज येतो. एक ऊन व दुसरी गार असेल तर पेटी गाळानें तुंबली आहे किंवा तिच्या वाटेवरील झडप मिटलेली आहे. दोन्ही गार असतील तर अपुरा द्रव, कोंडलेली हवा किंवा निकामी पंप, यांपैकीं कांहीं तरी असतें.

आतां चार इशारे. कांटा लाल रेघेकडे चढत असून वारा गार येत असेल, तर गाडी तत्काळ थांबवावी. तशीच हांकल्यास एंजिन कायमचें नादुरुस्त होतें. तापलेल्या एंजिनाचें टोपण कदापि उघडूं नये. दाबाखालील उकळता द्रव अंगावर उसळतो. द्रवांतील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण प्राणघातक विष आहे. मुलें व कुत्रीं-मांजरें यांपासून तें दूर ठेवावें, सांडल्यास लगेच पुसावें. मात्र या भीतीनें नुसतें पाणीही भरूं नये. तें गोठून एंजिन तडकतें.

चवथा इशारा सर्वांत महत्त्वाचा. बर्फांत अडकल्यावर उबेसाठीं एंजिन चालूं ठेवून निजूं नये. धुराची नळी बर्फानें बुजली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायु आंत शिरतो, व त्याला वास नसतो. पाकिस्तानांतील मरी या गिरिस्थानीं जानेवारी २०२२ मध्यें हिमवादळांत अडकून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतील कित्येकांचा घात या वायूनें केला, असें त्या वेळच्या वृत्तांतांत आलें होतें.

विजेच्या मोटारींत एंजिनच नसल्यामुळें वरील परीक्षा तिला लागू नाहीं. तिची ऊब उच्च दाबाच्या विजेवर अवलंबून असते, म्हणून तिला घरीं हातच लावूं नये. इतरांनीं हिंवाळ्याच्या तोंडीं द्रवाची पातळी, नळ्या आणि हीटर हीं एकदां पाहून घ्यावीं. परदेशीं असलेल्या मुलांना पुढचें पत्र लिहाल किंवा दूरध्वनि कराल, तेव्हां खुशालीबरोबर एवढें अवश्य विचारावें. पुढील अंकीं थंडींत बॅटरी कां दगा देते, याचा विचार करूं.