पानगळीचा फोटो आणि अनर्थदंड



फाल्गुनात आम्ही चौदाजणी पेरजागडावर गेलो होतो. नागभीड तालुक्यातला हा सातबहिणींचा डोंगर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. साग उघडाबोडका, पळस फुललेला आणि मधेच एखादा कुसुम लालभडक. चिनार बघायला आपण ऑक्टोबरात काश्मीरला जातो, हजारो रुपये घालतो. इथे हे आपल्या दाराशी आहे.

तिथे मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलायचा मला अधिकार राहील. एका मैत्रिणीला पानांच्या पावसात उभं राहून व्हिडिओ हवा होता. मी कुसुमाची फांदी धरून गदागदा हलवली. पानं पडेनात म्हणून आणखी जोरात हलवली, तर कोवळी डहाळी मोडून हातात आली. ती दुसरीने केसांत खोचली. खूप हसलो आम्ही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि वनस्पतिकायाच्या जीवांची क्षमा मागताना जीभ अडखळली. सकाळी मोडायचं, संध्याकाळी मिच्छामि दुक्कडं म्हणायचं, हा कुठला हिशेब?

मंडळात बोलले तर उत्तर मिळालं, "अहो, पानगळच ती, पानं पडणारच होती!" इथेच आपली चूक होते. थंड मुलुखात पान जाताना लाल होतं. आपल्याकडचा कुसुम पालवी फुटताना लाल असतो. ते पान म्हातारं नाही, तान्हं आहे, थोड्याच दिवसांत हिरवं होईल. परदेशातले फोटो पाहून लाल म्हणजे गळणारं असं आपल्या डोक्यात बसलंय आणि आपण बाळाला ओरबाडतो. पालेभाजी निवडताना अळी दिसली तर हातातलं काम थांबवणाऱ्या आपण!

दुसरं उत्तर असं, "आणि मोहफुलं वेचणारे पाला पेटवतात, तेंदूपत्ता तोडणारे तोडतात, त्यांना कोण बोलणार?" पाला पेटवल्याने वणवे लागतात, ते चूकच आहे. जंगलाला आग लावणं आपल्या पंधरा कर्मादानांत स्पष्ट सांगितलंय. पण मी बी.कॉम. झालेली बाई, जमाखर्चाच्या भाषेत सांगते. गडचिरोलीतली तेंदूपत्त्याचा पुडा बांधणारी बाई पोरांच्या पोटासाठी पान तोडते. तिच्या खर्चासमोर जमेच्या बाजूला काहीतरी आहे. माझ्या मोडलेल्या डहाळीसमोर काय आहे? चाळीस लाइक. श्रावकाला संसारात थोडी हिंसा टळत नाही हे शास्त्राला ठाऊक आहे, म्हणून तर गरजेची आणि बिनगरजेची असा भेद केला. बिनगरजेचीला नाव आहे अनर्थदंड. उगाच झाडं तोडणं, उगाच माती उकरणं ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणं आहेत. त्या यादीत आता मोबाइलची भर घाला.

चालण्याचंही तेच. आपल्या साध्वीजी चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकतात. आपण पडद्याकडे बघत, वाट सोडून, वाळल्या पाल्यातून मागे मागे सरकतो. कडक उन्हाळ्यात पाणी वाचवायला झाड पानं टाकतं. त्याच पाल्याखाली जमिनीची ओल टिकते आणि किती किडामुंगी त्या सावलीला असते! शिवाय पेरजागडावर मधमाश्यांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. माश्यांच्या हिंसेचा म्हणून आपण मधाचं बोट चाखत नाही आणि त्यांच्या कड्याखाली अत्तर लावून आरडाओरडा करतो.

मी डोंगरावर जाऊ नका म्हणत नाही. साठी ओलांडलेल्या बायका डोंगर चढतात याचा मला अभिमान आहे. फोटोही काढा. फक्त लेश्यावृक्षाचं चित्र आठवा, पाठशाळेत मुलांना दाखवतो ते. जांभळं खायला सहाजण जातात. पहिला झाड मुळापासून तोडायला निघतो, सहावा खाली पडलेली जांभळं वेचतो. मुलांना आपण विचारतो, "तू यातला कितवा?" त्या दिवशी मी पहिली नव्हते, पण सहावीही नव्हते. आणि भूक तर मुळीच लागलेली नव्हती.

पुढच्या फाल्गुनात निघण्याआधी सगळ्या जणींनी पच्चक्खाण घ्यावं असं मी मंडळात मांडणार आहे: फांदीला हात लावणार नाही, पाऊलवाट सोडणार नाही, काडेपेटी, अगरबत्ती नेणार नाही आणि चालताना मोबाइल पिशवीत राहील. थांबू तिथे काढू. पान हातात धरून फोटो हवाच असेल, तर खाली पडलेलं सागाचं पान काय वाईट आहे? आपल्या तोंडापेक्षा मोठं असतं ते!

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडावं. पण आधी त्या दिवशीच्या फोटोंपैकी किती पुन्हा उघडून पाहिले, ते मोजून यावं.