पस्तीस टाक, सगळ्यांत

आळेफाट्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही पंक्चरच्या दुकानासमोर गाडी उभी करा. तुम्ही तोंड उघडायच्या आत पोरगं विचारतं, "पस्तीस टाकू ना, दादा?" अल्टो असो, बोलेरो असो, नाहीतर कुणाची वीस-बावीस वर्षांची सेकंडहँड होंडा सिटी असो. पस्तीस. चारही चाकांत. हा आकडा आला कुठून हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. माझं भांडण त्या पोराशी नाहीच. भांडण आहे ते एक्झॉस्टवर आणि अलॉयवर हजारो रुपये उडवून हवेचा साधा गेज न घेणाऱ्या आपल्या पिढीशी.

टोमॅटोचे दोन पैसे हातात आले की आपल्याकडे अनेकांना जुनी, पळणारी गाडी घ्यावीशी वाटते. मलाही वाटली. सिटी व्हीटेक, १०६ बीएचपी, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणारी. आपल्या खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. अशा गाडीचा रस्त्याशी संबंध किती, तर तळहाताएवढ्या चार जागा. त्या जागांचा आकार हवा ठरवते. ब्रेक, स्टिअरिंग, ती व्हीटेकची गुरगुर, सगळं त्यानंतर.

पंक्चरवाल्याचा हिशेब त्याच्या गिऱ्हाइकावरून ठरतो. नारायणगाव मार्केटला क्रेट भरून जाणारी पिकअप हे त्याचं रोजचं काम, आणि मागे तेवढं वजन आलं की हवा जास्त लागतेच. शिवाय ज्या उस्तादाकडे तो शिकला त्याचा डोळा ॲम्बेसिडरच्या आणि जीपच्या नायलॉन टायरवर बसलेला. त्या टायरची बाजू ताठ. ती फुगली म्हणजे हवा कमी, हे तेव्हा खरं होतं. रेडियलची बाजू मऊ. बरोबर हवेतही ती खाली थोडं पोट काढते. ते पोट बघून "टायर बसलाय" म्हणायचं आणि पोट आत जाईपर्यंत हवा मारायची, ही सवय टायर बदलले तरी गेली नाही. जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो, खड्ड्यावर उडतो. कमी हवेचा कडांनी झिजतो, त्याची बाजू सतत दुमडून तापते आणि हायवेवर फुटतो.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवरच्या पाटीवर असतो. टायरवर 'मॅक्स' म्हणून कोरलेला आकडा टायर किती सहन करेल याचा. गाडीला किती हवी याच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या गाडीला तिशीच्या आसपास हवी. पस्तीस टाकून घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावर नेली तर हलकी शेपटी वळणात टणाटण उडते.

पुढे-मागे सारखीच हवा हा हट्ट किती महागात पडू शकतो, त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९६० च्या मॉडेलची शेवरोले कॉर्व्हेअर, इंजिन मागे. कंपनीने सांगितलेली हवा पुढे १५ आणि मागे २६. लोक सवयीने सारखी भरत आणि वळणावर गाडीची शेपटी बाहेर पडे. राल्फ नेडरने १९६५ साली 'अनसेफ ॲट एनी स्पीड'चं पहिलंच प्रकरण याच गाडीवर लिहिलं. त्याचा राग कंपनीवर होता, आणि रास्त होता: माणसाचा जीव असा हवेच्या आकड्यावर टांगून ठेवायचा नसतो. (पुढे १९७२ मध्ये सरकारी अहवालाने ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नाही असं म्हटलं. पण तोवर ती बंद पडली होती.)

सगळ्यात धोकादायक सल्ला पावसाळ्यातला. "माळशेजला चाललायस? हवा थोडी सोड, ग्रिप मिळते." शेताच्या चिखलात हे खरं आहे. डांबरावर उलटं. १९६० च्या दशकात नासाच्या प्रयोगांतून निघालेलं सूत्र सांगतं की साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागेल हे हवेच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. ३० पीएसआयला ताशी ९० च्या आसपास, २२ ला जेमतेम ७८. नारायणगाव बायपासवर आपण कितीने जातो ते आठवा.

नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं पंपवाल्याला बंधनकारक आहे. पैसे त्यापेक्षा गेजवर घाला. आणि मोजा सकाळी, गाडी दोन किलोमीटरही पळायच्या आत. तापमान पाच-साडेपाच अंशांनी बदललं की एक पीएसआय इकडचा तिकडे होतो. मे महिन्यात दुपारी भरलेले ३३, जुन्नरच्या जानेवारीतल्या दहा अंशांच्या पहाटे २८ च होतात, टायर अजिबात न गळता.

आता जुन्या गाडीची खरी अडचण. आधीच्या मालकाने १३ इंची चाकं काढून १४ ची बसवली, म्हणजे पाटी अर्धी खोटी झाली. तिथून सुरुवात करायची आणि स्वतः मोजायचं. खडूने टायरवर आडवी रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं जाऊन बघा. मधली पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. दुसरा जुना ठोकताळा: थंड मोजा, हायवेवर तासभर चालवा, पुन्हा मोजा. चारपेक्षा जास्त वाढली तर थंड असताना कमी होती. चारही वाढली नाही तर जास्त. एकेका पीएसआयने बदलत जा. माझे दोन रविवार गेले आणि पुढचा आकडा मागच्यापेक्षा दोनने जास्त ठरला. तुमचा वेगळा निघेल.

त्याआधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी त्या लाकूड झालेल्या रबरात कुठलीही हवा भरून उपयोग नाही. आणि डिकीतली स्टेपनी बहुतेक अजून १३ इंचीच असेल, आधीच्या मालकाने शेवटची कधी हवा भरली ते त्यालाच विचारा.