पंगतींतला तोतया

“हें औषध आतां अंगाला लागूं पडत नाहीं, अंगाला त्याची संवय झाली,” असें वाक्य आपल्या घरांतून वारंवार कानीं येतें. अफूच्या किंवा तपकिरीच्या बाबतींत तें खरें असेल. हिंवतापाच्या औषधांच्या बाबतींत मात्र तें सर्वथा चुकीचें आहे. औषधाला दाद देईनासें होतें तें रोग्याचें शरीर नव्हे, तर त्या शरीरांत बिऱ्हाड करून बसलेला जंतु होय. हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. संवय अंगाची असती, तर ती त्या एका माणसापुरतीच राहिली असती. जंतूचें सामर्थ्य मात्र डासाच्या सोंडेवाटें एका घरांतून दुसऱ्या घरांत, आणि प्रसंगीं एका खंडांतून दुसऱ्या खंडांत जातें. तेव्हां हें घडतें तरी कसें, हें या खेपेस पाहूं.

हिंवतापाच्या जंतूंत सर्वांत घातक तो फाल्सिपॅरम. रक्तांतील तांबड्या पेशींत शिरून तो आपला वंश झपाट्यानें वाढवितो. वंशवृद्धीसाठीं डीएनए घडवावें लागतें, आणि त्या घडणींत फोलेट नांवाच्या द्रव्यावांचून चालत नाहीं. लॅटिन भाषेंतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून हें नांव पडलें. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून काढलेल्या आम्लास तें देण्यांत आलें. आपण हें द्रव्य पालेभाजींतून मिळवितों. हा जंतु तें स्वतः तयार करूं शकतो. परंतु तें कामास येण्यापूर्वीं त्यावर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो. हा संस्कार करणारें जें विकर, म्हणजे एन्झाईम, त्याचें नांव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. नांव जिभेस जड आहे, म्हणून आपण त्यास नुसतें विकर म्हणूं.

या विकराच्या अंगीं एक ठराविक आकाराची खोबण असते. योग्य द्रव्य तींत बसलें म्हणजे त्यावर संस्कार होतो व तें बाहेर पडतें. समजा, पंगतींत पाट मांडला आहे, आणि पाहुणा यावयाचा आहे. इतक्यांत त्याच्याच वेषांतला कोणी तोतया येऊन पाटावर बसला व उठेनासा झाला, तर खरा पाहुणा ताटकळत उभा राहील. पायरिमेथामाईन हें औषध अशाच तोतयाचें काम करतें. अमेरिकेंत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेंत तें तयार झालें. या दोघांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हेंच विकर आपल्याहि शरीरांत आहे, परंतु त्याची घडण किंचित् निराळी असल्यामुळें हा तोतया मुख्यतः जंतूच्याच पाटावर ठाण मांडतो.

आतां जंतूची बाजू पाहूं. विकर म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. जंतु कोट्यवधि प्रतींनीं वाढत असतां नकलनविसाच्या हातून व्हावी तशी एखादी चूक होते, आणि १०८ व्या जागीं सेरीनऐवजीं अस्पॅराजीन हा जरा थोरला मणी ओंवला जातो. तेवढ्यानें तोतयाची बैठक अडते; खरा पाहुणा मात्र अजूनहि बसूं शकतो. ५१, ५९ आणि १६४ या जागींहि असेच फेरफार झाले म्हणजे औषध अधिकाधिक निष्प्रभ होतें. जंतु हें कांहीं शिकून करीत नाहीं. लांकूड पोखरतां पोखरतां किड्याकडून सहजगत्या अक्षर उमटावें, असा हा घुणाक्षरन्याय आहे. अक्षर उमटतें योगायोगानें. परंतु औषध बाकीच्या जंतूंचा संहार करून नेमकें त्या अक्षराच्या धन्यास मोकळें रान देतें.

पायरिमेथामाईनच्या जोडीस सल्फाडॉक्सिन दिलें, तर जंतूचें दुसरेंहि एक विकर अडविलें जातें, या हिशोबानें ही जोडी १९६७ सालीं थायलंडांत वापरांत आली. थोड्याच वर्षांत तेथें ती निकामी ठरूं लागली. पुढें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें कीं, आफ्रिकेंतील अशा जंतूंचें मूळ आग्नेय आशियांत होतें. ज्या खंडांत हिंवताप लेंकरांचा काळ ठरतो, तेथें हा जंतु समुद्र ओलांडून गेला. आपल्या देशानेंहि २०१० सालीं हीच जोडी आर्टेसुनेटबरोबर स्वीकारली होती. पण ईशान्येकडील राज्यांत ती कमकुवत ठरल्यानें २०१३ सालीं तेथें दुसरें मिश्रण आणावें लागलें.

शास्त्रज्ञ हात जोडून बसले नाहींत. थायलंडच्या योंग्युथ युथावोंग यांच्या मंडळीनें या विकराची रचना २००३ सालीं उलगडली, आणि पुढें पी२१८ नांवाचा नवा रेणु घडविला. तो लवचिक आहे, शिवाय खऱ्या पाहुण्याच्या आसनाबाहेर फारसा डोकावत नाहीं. त्यामुळें त्याला हुसकावूं पाहणारा फेरफार खऱ्या पाहुण्यासहि अडचणीचा व्हावा, अशी योजना आहे. माणसांवरील त्याच्या प्राथमिक चांचण्याहि झाल्या आहेत.

परंतु नवें औषध घडण्यास दशकें लागतात, आणि जुनें वायां घालविण्यास आपला हलगर्जीपणा पुरतो. म्हणून कर्त्या मंडळींनीं तीन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. ताप आला कीं रक्त तपासल्यावांचून हिंवतापाची गोळी देऊं नये. वैद्यानें सांगितलेला क्रम, ताप दुसऱ्याच दिवशीं उतरला तरी, शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करावा; अर्धवट मात्रेंत दुबळे जंतु मरतात व चिवट तेवढे उरतात. आणि एकाची उरलेली गोळी दुसऱ्यास देऊं नये. फडताळांत जपून ठेवलेल्या चार गोळ्या संसारांतली काटकसर वाटेल खरी. पण त्या काटकसरीची किंमत बहुधा शेजारच्या लेंकरास मोजावी लागते.